गावाची वेबसाइट गावानेच लिहिली! अमेरिकेतल्या डेव्हिस शहरात हे कसं जमलं?

गावात नवीन बदलून आलेल्या शिक्षकांना पहिल्या आठवड्यात काय काय विचारावं लागतं? गिरणी किती वाजता चालू असते, दवाखान्यात डॉक्टर कोणत्या वारी येतात, तालुक्याला जाणारी शेवटची एसटी कधी, गॅसची गाडी कुठे थांबते. उत्तरं सगळ्यांना माहीत असतात, पण लिहिलेली कुठेच नसतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तर कुणीतरी लगेच सांगतं. दोन दिवसांनी तोच मेसेज शोधायला गेलं, तर तो वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली गाडला गेलेला असतो. पुढच्या नवीन माणसाला पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागतं.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या डेव्हिस नावाच्या एका लहान शहरात २००४ साली तिच्यावर उपाय निघाला. तिथल्या लोकांनी आपल्या शहराची माहिती एकाच वेबसाइटवर, सगळ्यांनी मिळून लिहायला घेतली. तिचं नाव डेव्हिस विकी. लिहिणारे पगारी नव्हते, पत्रकार नव्हते, नगरपालिकेचे कर्मचारीही नव्हते. तरीही काही वर्षांत ही साइट शहराचा मुख्य माहितीस्रोत बनली. हे कसं झालं, ते समजून घेऊ.

डेव्हिस हे गाव कसं आहे?

डेव्हिस हे कॅलिफोर्निया राज्यात, राज्याची राजधानी सॅक्रामेंटोपासून पश्चिमेला सुमारे २० किलोमीटरवर आहे. योलो काउंटी हा तिथला शेतीप्रधान भाग. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. आजूबाजूला टोमॅटो, भात आणि बदामाची शेती. २००० सालच्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सुमारे ६० हजार होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या ठिकाणाएवढी.

या गावाची ओळख म्हणजे तिथलं विद्यापीठ. सुरुवातीला ते बर्कली इथल्या विद्यापीठाचं शेतीशिक्षणाचं फार्म होतं. पुढे १९५९ मध्ये त्याला कॅलिफोर्निया विद्यापीठाचं पूर्ण केंद्र म्हणून दर्जा मिळाला. शेतात टोमॅटो तोडणारं यंत्र आणि त्या यंत्राला सोसेल असा टोमॅटोचा वाण, या दोन्हींवर इथल्याच संशोधकांनी काम केलं. गाव सायकलींसाठीही प्रसिद्ध आहे. रस्त्यावर सायकलींसाठी वेगळा पट्टा आखायला डेव्हिसने १९६७ मध्येच सुरुवात केली होती.

विद्यापीठामुळे गावाला एक सवय जडली आहे. दरवर्षी हजारो नवीन मुलं येतात आणि हजारो जुनी मुलं शिक्षण संपवून निघून जातात. येणाऱ्याला काहीच माहीत नसतं. कोणता घरमालक अनामत रक्कम परत देत नाही, सायकल कुठे स्वस्तात दुरुस्त होते, रात्री उशिरा जेवण कुठे मिळतं, हे सगळं शिकायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. आणि नीट कळायला लागलं की त्याची जायची वेळ येते. शिकलेलं सगळं त्याच्याबरोबर गाव सोडून जातं.

२००४ साली इंटरनेटवर होतं तरी काय?

आजच्या मोबाइलच्या नजरेने तो काळ समजत नाही, म्हणून थोडी उजळणी. फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झालं, तेही फक्त हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी. गुगल मॅप्स आणि यूट्यूब २००५ चे. आयफोन २००७ चा. व्हॉट्सअॅप तर २००९ चं.

म्हणजे 'जवळचं गॅरेज' असं मोबाइलवर शोधायची आजच्यासारखी सोय तेव्हा नव्हती. डेव्हिसमध्ये माहिती मिळायची ती स्थानिक वर्तमानपत्रातून, विद्यार्थ्यांच्या पेपरातून, खांबावर चिकटवलेल्या कागदांवरून आणि मित्रांच्या तोंडून. पेपरातली बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. खांबावरचा कागद पावसात भिजतो. राहता राहिला मित्र, आणि नवीन माणसाला नेमका तोच नसतो.

विकी म्हणजे नेमकं काय?

विकी म्हणजे अशी वेबसाइट, जिचं पान वाचणारा माणूस तिथल्या तिथे बदलू शकतो. वेगळी परवानगी नाही, प्रोग्रामिंग यायची गरज नाही. बटण दाबायचं, चूक दुरुस्त करायची किंवा नवीन माहिती घालायची आणि जतन करायचं. बदल लगेच सगळ्यांना दिसतो.

अशी पहिली साइट वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २५ मार्च १९९५ ला सुरू केली. 'विकी' हा हवाई बेटांच्या भाषेतला शब्द, अर्थ 'झटपट'. होनोलुलूच्या विमानतळावर धावणाऱ्या बसचं नाव 'विकी विकी' होतं, तेच कनिंगहॅम यांनी उचललं. पुढे जानेवारी २००१ मध्ये याच पद्धतीवर विकिपीडिया हा ज्ञानकोश सुरू झाला आणि हा शब्द जगभर गेला.

समजा चावडीवर एक मोठी पाटी आहे. तिच्यावर कुणीही लिहू शकतो, कुणीही पुसू शकतो. पण पाटी अशी आहे की पुसलेला प्रत्येक शब्द मागे जपून ठेवला जातो. कोणी लिहिलं, कोणी पुसलं, किती वाजता, सगळी नोंद राहते. कुणी खोडसाळपणे सगळी पाटी कोरी केली, तर दुसरा माणूस एका बटणात मघाचा मजकूर परत आणतो. विकीचा सगळा डोलारा या एका सोयीवर उभा आहे. नासधूस करायला जेवढी मेहनत लागते, त्यापेक्षा ती दुरुस्त करायला कमी लागते.

मग विकिपीडिया असताना डेव्हिसला वेगळी साइट कशाला हवी होती? कारण ज्ञानकोशात गावाच्या कोपऱ्यावरची खानावळ बसत नाही. विकिपीडियावर एखाद्या गोष्टीचं स्वतंत्र पान हवं असेल, तर तिच्याबद्दल आधी कुठेतरी छापून आलेलं असावं लागतं. कोपऱ्यावरच्या खानावळीबद्दल कुणी काही छापलेलं नसतं. गावाला मात्र रोज तिचीच गरज पडते.

दोन विद्यार्थी आणि एक प्रयोग

डेव्हिस विकी सुरू केली ती विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी. एकाचं नाव फिलिप न्यूस्ट्रॉम, दुसऱ्याचं माइक इव्हानॉव्ह. साल २००४. त्यांनी हाताशी असलेली एक फुकट, मुक्त विकी प्रणाली घेतली. तिचं नाव मोइनमोइन. हा उत्तर जर्मनीत नमस्कारासाठी वापरला जाणारा शब्द आहे. गावाच्या कामासाठी तिच्यात जे कमी पडत होतं, ते ते बदलत गेले. बदल एवढे झाले की शेवटी ती वेगळीच प्रणाली झाली आणि तिला सायकमोर हे नाव मिळालं. तीही त्यांनी सगळ्यांसाठी खुली ठेवली.

पण साइट चालली ती निव्वळ सॉफ्टवेअरमुळे नव्हे. विकी बनवणं तेव्हाही अवघड नव्हतं. इतर अनेक गावांत, शहरांत अशा साइट उघडल्या गेल्या आणि रिकाम्याच राहिल्या. डेव्हिसमध्ये वेगळं घडलं, त्यामागे सुरुवातीच्या काही महिन्यांतलं काम आहे.

आधी भरलं, मग बोलावलं

नवीन दुकान उघडताना फळ्या रिकाम्या ठेवून कुणी उद्घाटनाला बोलावत नाही. डेव्हिस विकीवाल्यांनी हेच केलं. साइट तयार झाल्यावर त्यांनी लगेच गाजावाजा केला नाही. मोजके मित्र जमवले आणि काही महिने नुसतं लिहीत बसले. गावातल्या खानावळी, भाड्याची घरं, बसमार्ग, बागा, विद्यापीठाच्या इमारती, जे आठवेल त्याचं एकेक पान. कुठे चार ओळी, कुठे एकच. लोकांसमोर साइट गेली तेव्हा तिच्यात शेकडो पानं होती.

याचे दोन फायदे झाले.

पहिला, साइट उघडणाऱ्याला पहिल्याच दिवशी उपयोगाचं काहीतरी मिळालं. रिकाम्या साइटवर माणूस एकदा येतो आणि परत येत नाही. कामाचं काही सापडलं, तर तो पुन्हा येतो आणि दुसऱ्यालाही सांगतो.

दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा. कोऱ्या पानावर लिहायला सगळेच बिचकतात. पण समोर लिहिलेलं चुकलेलं दिसलं, की गप्प बसवत नाही. 'हे हॉटेल सोमवारी बंद असतं, इथे चालू लिहिलंय' हे दिसलं, की हात आपोआप 'बदला' या बटणाकडे जातो. डेव्हिसमधली अपुरी, अर्धवट पानंच लोकांना लिहितं करायला उपयोगी पडली.

अर्धवट पानांची आणखी एक गंमत विकीत असते. एखाद्या पानात अजून न लिहिलेल्या विषयाचा दुवा दिला, तर तो वेगळ्या खुणेने दिसतो. म्हणजे ही माहिती हवी आहे, कुणाला ठाऊक असेल तर लिहा, असं पान स्वतःच सांगतं.

बेडकांचा बोगदाही आला

विकीवर काय असावं, याची चाळण बारीक नव्हती. गावातल्या कुणाला तरी उपयोगी किंवा गंमतीची वाटली की ती गोष्ट चालायची. म्हणून तिथे भाड्याच्या घरांच्या तक्रारींबरोबर गावच्या किश्शांनाही जागा मिळाली.

त्यातला एक किस्सा बेडकांच्या बोगद्याचा. १९९० च्या दशकात डेव्हिसमध्ये एका रस्त्यावर पूल बांधायचं ठरलं. त्यामुळे बेडकांची जुनी वाट तुटेल, म्हणून रस्त्याखालून त्यांच्यासाठी खास नळीसारखा छोटा बोगदा ठेवला गेला. गावच्या पोस्टमास्तरांनी तर बोगद्याच्या तोंडाशी बेडकांसाठी छोटी छोटी घरंही करून ठेवली. बाहेरच्यांनी यावर विनोद केले, पण गावाने तो बोगदा आपली ओळख म्हणून मिरवला. दुसरी गोष्ट बसची. विद्यार्थीच चालवत असलेल्या तिथल्या बससेवेत लंडनहून आणलेल्या जुन्या लाल डबलडेकर गाड्या १९६८ पासून धावत आल्या आहेत.

वरवर पाहता ही किरकोळ माहिती वाटेल. पण मोठ्या ग्रंथात जे कधीच येणार नाही आणि जुनी माणसं गेली की पुसलं जाईल, तेच इथे नोंदलं गेलं. गावाचा इतिहास बऱ्याचदा असाच किरकोळ गोष्टींत असतो. विहीर कुणी बांधली, जुना वड कोणत्या वादळात पडला, शाळेची पहिली खोली कुणाच्या पडवीत भरायची. हे कुणी विचारेपर्यंत सांगणारे राहत नाहीत.

एक ओळ लिहिली तरी पुरे

सगळ्यांनाच पानभर लिहायला जमत नाही. म्हणून डेव्हिस विकीवर खानावळ, दुकान, भाड्याचं घर अशा पानांच्या तळाशी एक छोटी चौकट असायची. तिथे कुणीही एक-दोन ओळी टाकून जाऊ शकत होतं. 'इथला नाश्ता चांगला, पण रविवारी रांग असते', एवढंसुद्धा चालायचं.

अशा ओळी साठल्या की कुणीतरी जुना लिहिणारा त्या वाचून वरचा मुख्य मजकूर नीट करायचा. म्हणजे एकाने ओळ दिली, दुसऱ्याने ती मजकुरात बसवली, तिसऱ्याने शुद्धलेखन पाहिलं, चौथ्याने फोटो लावला. पूर्ण पान एकट्याने लिहायची जबाबदारी कुणावरच नव्हती. आणि एक ओळ लिहून गेलेला माणूस काही दिवसांनी ती तिथे टिकून असलेली पाहायचा, तेव्हा पुढच्या वेळी दोन ओळी जास्त लिहायचा.

नवीन कुणी पहिल्यांदा लिहिलं की जुने सदस्य त्याला नावाने 'या, स्वागत आहे' असा निरोप ठेवायचे. आपलं खरं नाव वापरा, असा आग्रह असायचा. लहान गावात याचा चांगला परिणाम होतो. उद्या बाजारात समोरासमोर भेटायचं आहे हे माहीत असलं, की माणूस लिहिताना जीभ सांभाळतो.

कुणीही बदलू शकतो, मग भांडणं होत नाहीत?

होतात. डेव्हिसमध्येही झाली. सर्वांत जास्त पेच पडायचा तो दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात.

गोष्ट साधारण अशी घडायची. एखाद्या गिऱ्हाइकाने पानावर वाईट अनुभव लिहिला. दुकानमालकाने तो वाचला आणि वैतागून सरळ पुसून टाकला. पण पुसल्याची नोंद सगळ्यांना दिसते. मग कुणीतरी तो मजकूर परत आणायचा. मालक पुन्हा पुसायचा. आता गावाला आणखीच संशय यायचा, की हा लपवतोय काय?

यावर विकीवाल्यांनी काढलेला मार्ग साधा होता. खास व्यावसायिकांसाठी त्यांनी एक स्वागताचं पान तयार केलं. दुकानाचा मालक पहिल्यांदा काही बदलायला आला की त्याला ते पान दाखवायचे. मथितार्थ असा: ही जागा तुमचीही आहे. वेळ, पत्ता, सेवा यातली चूक जरूर दुरुस्त करा. गिऱ्हाइकाची तक्रार पुसू नका, तिच्याखाली आपल्या नावाने आपली बाजू मांडा. तक्रारीला नीट उत्तर देणारा दुकानदार लोकांच्या मनातून उतरत नाही, उलट त्याचा मान वाढतो.

खोडसाळपणावर लक्ष ठेवायला 'अलीकडचे बदल' हे पान असायचं. साइटवर कुठेही काही बदललं की त्याची ओळ तिथे उमटते. नेहमीचे लिहिणारे रोज ते पान उघडून पाहायचे. पारावर बसलेल्या माणसांची जशी रस्त्यावर नजर असते, तसंच हे. पगारी राखणदार कुणीच नाही, पण येणारा-जाणारा सगळ्यांना दिसतो.

विद्यार्थ्यांपासून गावापर्यंत

सुरुवातीला लिहिणारे बहुतेक विद्यार्थी होते, त्यामुळे विषयही त्यांचेच. विद्यार्थी संघटनेच्या निवडणुका, खोल्यांची भाडी, खाण्याच्या जागा. हळूहळू गावातले कायमचे रहिवासी आले. कुणी जुन्या घरांचा इतिहास घातला, कुणी झाडांची माहिती, कुणी नगरपरिषदेतल्या वादांचे दोन्ही पक्ष. गुगलवर गावातल्या एखाद्या दुकानाचं नाव शोधलं की विकीचं पान समोर यायला लागलं. तिथून नवे वाचक आणि त्यांच्यातूनच नवे लिहिणारे मिळत गेले.

२०१० च्या सुमारास साइट चालवणारे सांगत होते, की आठवडाभरात शहरातले जवळपास निम्मे लोक ही साइट उघडतात आणि सातातल्या एका माणसाने तिच्यात काही ना काही भर घातली आहे. आकडा त्यांचा स्वतःचा आहे. थोडा कमी धरला तरी साठ-पासष्ट हजारांच्या गावात ही मोठी गोष्ट आहे.

कठीण काळातही तिचा उपयोग झाला. १८ नोव्हेंबर २०११ ला विद्यापीठाच्या आवारात शांतपणे बसलेल्या आंदोलक विद्यार्थ्यांवर विद्यापीठाच्याच पोलिसांनी तिखटाचा फवारा मारला. त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. बाहेरच्या वाहिन्यांसाठी ती काही दिवसांची बातमी होती. डेव्हिस विकीवर मात्र लोकांनी त्या दिवशी काय कोणत्या क्रमाने घडलं, कोण काय म्हणालं, पुढे काय झालं, याची नोंद एकाच जागी करून ठेवली.

साइट कुणाच्या मालकीची?

हा प्रश्न प्रत्येक सामायिक कामात कधीतरी येतोच. दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेली साइट ते शिकून निघून गेल्यावर कुणाची? सर्व्हरचं भाडं कोण भरणार? उद्या कुणी साइट विकायला काढली तर?

त्यासाठी विकी स्पॉट नावाची ना-नफा संस्था स्थापन झाली. एकाच व्यवस्थेवर इतर गावांच्या विकीही चालाव्यात, हाही त्यामागचा हेतू होता. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली ठेवला गेला. म्हणजे मूळ लिहिणाऱ्यांचं श्रेय देऊन तो कुणीही वापरू शकतो. साइट बंद पडायची वेळ आली तरी सगळा मजकूर उचलून दुसरीकडे मांडता येतो. लोकांनी फुकट लिहिलेलं कुणा एकाच्या खिशात जाणार नाही, ही खात्री मिळाली. गावकऱ्यांनी श्रमदानातून बांधलेला बंधारा कुणा एकाच्या सातबाऱ्यावर चढू नये, तसाच हा विचार.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या नाइट फाउंडेशनने या कामाला साडेतीन लाख डॉलरची मदत दिली. त्यातून लोकलविकी ही नवी प्रणाली तयार झाली. लिहिणं आणखी सोपं झालं, नकाशावर जागा दाखवता येऊ लागल्या. डेव्हिसची पानं या नव्या प्रणालीवर गेली आणि ऑकलंडसारख्या दुसऱ्या शहरांनीही ती वापरली.

सगळीकडे जमलं का?

नाही. बऱ्याच शहरांच्या विकी सुरू झाल्या आणि काही पानांवर थांबल्या. मोठ्या शहरांत हे जास्त कठीण जातं, कारण एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाच्या चहाच्या टपरीशी देणंघेणं नसतं. जिथे दहा-बारा जणांनी सुरुवातीला नेटाने लिहिलं नाही, तिथे बाकीचे आलेच नाहीत.

डेव्हिसमध्येही पुढे वेग मंदावला. मोबाइल आले, फेसबुक सगळ्यांसाठी खुलं झालं, हॉटेलबद्दलचं मत लोक गुगल आणि येल्पवर लिहू लागले. तिथे लिहिणं सोपं आहे. फक्त तिथे लिहिलेलं कंपनीच्या हातात राहतं. कुणाला काय दाखवायचं हे कंपनी ठरवते, आणि जुनं लिहिलेलं शोधायला गेलं तर हाती लागत नाही. गावाच्या विकीवर दहा वर्षांपूर्वीचं पान आणि त्यातला प्रत्येक बदल तारखेसह सापडतो.

आपल्याकडे याचा काय संबंध?

संबंध आहे आणि तो खिशातल्या मोबाइलमध्येच आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. म्हणजे डेव्हिस विकीच्याही आधी. पद्धत तीच, कुणीही वाचावं, कुणीही लिहावं. तिथे महाराष्ट्रातल्या असंख्य गावांची पानं आधीच तयार आहेत.

आपल्या गावाचं पान उघडून पाहा. बऱ्याच पानांवर गाव कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात एवढी एक ओळ असते. तिच्याखाली भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा अशी शीर्षकं, आणि शीर्षकांखाली फारसं काही नाही. हवामानाच्या दोन ओळी शेजारच्या गावाच्या पानावरही जशाच्या तशा दिसतात. घर बांधून तयार आहे, राहायला कुणी आलेलं नाही, अशी ही स्थिती.

इथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. मराठी विकिपीडिया ज्ञानकोश आहे. तिथे लिहिलेल्याला छापील किंवा विश्वासार्ह आधार लागतो. जनगणनेची पुस्तिका, जिल्ह्याचं गॅझेटिअर, वर्तमानपत्रातली बातमी असा काहीतरी. गिरणीची वेळ किंवा खानावळीची चव तिथे बसणार नाही. पण गावातलं जुनं मंदिर, धरण, बाजाराचा वार, शाळेची स्थापना, यात्रा यांची माहिती आधारासह नक्की घालता येते. स्वतः काढलेला फोटोही देता येतो. रोजच्या उपयोगाची बारीकसारीक माहिती ठेवायची असेल, तर त्यासाठी डेव्हिससारखी वेगळी जागाच लागते.

डेव्हिसच्या अनुभवातून घेण्यासारखं

१. सुरुवातीला पाच-दहा माणसं पुरतात. मात्र त्यांनी काही महिने न थकता लिहायला हवं.

२. लोकांना बोलावण्याआधी निदान रोजच्या गरजेची माहिती भरून ठेवा. दवाखाना, बस, बाजार, शाळा, दाखले कुठे मिळतात.

३. एक ओळ लिहिणाऱ्यालाही मान द्या. शुद्धलेखनावरून कुणाला हसलं, तर तो परत लिहिणार नाही.

४. बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था निवडा. नुसत्या ग्रुपवर किंवा एका माणसाच्या मोबाइलमध्ये ठेवलेली माहिती त्या माणसाबरोबर जाते.

५. तक्रार पुसू नका, तिला उत्तर द्या. दोन्ही बाजू पानावर राहू द्या.

६. मालकी आणि परवाना पहिल्याच दिवशी ठरवा. नंतर वाद होतात.

७. कुणाचं आजारपण, कर्ज, घरगुती भांडण, खासगी फोन नंबर असलं काही लिहू नका. गावाची माहिती वेगळी, माणसाची खासगी गोष्ट वेगळी.

डेव्हिसच्या त्या दोन विद्यार्थ्यांकडे मोठा पैसा नव्हता. नाइट फाउंडेशनची मदत आली ती सहा वर्षांनी, साइट चालून दाखवल्यावर. त्याआधी होतं ते मित्रांचं टोळकं, रोजचे एक-दोन तास आणि गावाबद्दल सांगण्यासारखं बरंच काही. यातली शेवटची गोष्ट तर कोणत्याच गावात कमी नाही. पाणंद रस्त्याला ते नाव का पडलं, पहिली एसटी गावात कधी आली, ७२ च्या दुष्काळात गावाने कोणता तलाव खोदला, हे सांगणारी माणसं आज पारावर बसलेली आहेत. त्यांच्याकडून ऐकून लिहून घ्यायला एक मोबाइल आणि एक संध्याकाळ पुरते.